आयज तिसऱ्यो नात

कोणत्याही दाव्यात प्रतिवादीचा वकील पहिला आक्षेप घेतो तो न्यायालयाच्या अधिकारक्षेत्राविषयी. लोधीखेड्याच्या माणसाने समुद्रकाठच्या एका इटालियन उपाहारगृहाचे गुणदोष सांगावयास बसावे, हे पाहून गोमंतकीय वाचकांच्या मनात तोच आक्षेप उठला असेल, आणि तो उठणे रास्तच आहे. आमचा सौंसरचा मुलूख सातपुड्याच्या पायथ्याशी. १९५६ साली राज्यांची पुनर्रचना झाली तेव्हा मराठी बोलणारा हा पट्टा मध्य प्रदेशात राहिला; २०२३ साली तो छिंदवाड्यातून निघून नव्या पांढुर्णा जिल्ह्यात गेला. परंतु या सर्व फेरफारांत समुद्र काही बोटभर जवळ आला नाही. नागपूरहून मुंबई गाठावयाची तर लोहमार्गाने आठशे किलोमीटरांहून अधिक अंतर तोडावे लागते. आमचे पाणी म्हणजे जाम आणि कन्हान, आणि आमचा मासा म्हणजे रोहू, कतला, फार झाले तर मरळ.

तथापि समुद्र आमच्याकडे येतच नाही, असे नव्हे. आठवडी बाजारात मिरची-हळदीच्या ओळीच्या टोकाला गोणपाटावर बोंबील, झिंगे आणि सुकट यांचे ढीग मांडलेले असतात. त्यांचा वास ढिगांच्या आधी येऊन भेटतो. बोंबील तव्यावर भाजून, लसूण-तिखटात परतून ज्वारीच्या भाकरीबरोबर खाताना समुद्र ही एक कोरडी वस्तू आहे, असा माझा लहानपणी बराच काळ समज होता. पुढे वाचनात आले की इटलीतील विचेन्त्सा या नगराची स्थितीही काहीशी आमच्यासारखीच आहे. समुद्र त्याच्या वेशीवर नाही. पण ज्या पदार्थाचा त्या नगराला सर्वांत अधिक अभिमान, तो नॉर्वेहून आलेल्या वाळलेल्या कॉड माशाचा. तो मासा कुटून, दीर्घकाळ भिजवून, दूध, कांदा आणि तेल यांत तासन्‌तास मंद शिजवतात व मक्याच्या घट्ट घाट्याबरोबर खातात. तेव्हा समुद्रापासून दूर असलेल्या माणसालाही समुद्राविषयी मत असू शकते, एवढे अधिकारक्षेत्र वाचकांनी मला बहाल करावे, ही विनंती.

ज्या उपाहारगृहाविषयी लिहावयाचे ते दक्षिण गोव्यात, काणकोण महालातील पाळोळ्याला आहे. त्याचे नाव मी जाणूनबुजून देत नाही. मला एका दुकानाची भलामण करावयाची नसून एका प्रकाराची परीक्षा करावयाची आहे. आणि नाव छापून आले की परीक्षेची जाहिरात होण्यास वेळ लागत नाही. गेल्या हिवाळ्यात मडगावच्या एका वकीलमित्राच्या आग्रहावरून मी तेथे दोन संध्याकाळी जेवलो. अर्धचंद्राकार वाळूपासून थोडे आत, माडांच्या सावलीत आठ मेजे. खुर्च्या एकमेकींच्या नात्यातल्या नाहीत. भिंतीवर एक काळी पाटी आणि तिच्यावर खडूने लिहिलेले सहा-सात पदार्थ. मालक आणि आचारी एकच. हा गृहस्थ तारवटी, म्हणजे बोटीवर नोकरी केलेला गोंयकार. इटालियन आचाऱ्यांच्या हाताखाली बरीच वर्षे कांदे चिरून आणि मासे सोलून त्याने ती विद्या मिळवली व उतारवयाच्या आधीच घरी परतून हे दुकान मांडले. गोव्याच्या कितीतरी घरांत असा एखादा तारवटी असतो. जगातली बंदरे पाहून आलेल्या या लोकांच्या हातात गोव्याच्या स्वयंपाकाचा केवढा इतिहास दडलेला आहे, याचा शोध अजून कोणी नीट घ्यावयाचा आहे.

पहिल्या संध्याकाळी पाटीवर तिसऱ्यांची स्पागेत्ती होती आणि तिच्यावर आडवी रेघ मारलेली होती. मी ती रेघ न पाहताच मागणी केली. मालक हात पुसत आला आणि म्हणाला, “आयज तिसऱ्यो नात. फाल्यां येयात.” त्याच्या स्वरात क्षमायाचना नव्हती, तसा उद्धटपणाही नव्हता, पावसाची बातमी सांगावी तसे त्याने ते सांगितले. मी कारण विचारले. तिसऱ्या ओहोटीच्या वेळी खाडीच्या वाळूत हाताने चाचपून काढतात. त्या दिवशी ओहोटीची वेळ काढणाऱ्या बाईला जुळली नव्हती. शिवाय काढल्याबरोबर त्या शिजवता येत नाहीत. खाऱ्या पाण्यात काही तास ठेवल्यावर त्या पोटातली वाळू ओकतात. नाहीतर पहिल्याच घासाला दात कुरकुरतो. उद्या पहाटे आल्या तर उद्या संध्याकाळी ताटात, असा हिशेब होता.

प्रस्तुत लेखाचा सारा विषय या तीन शब्दांत आहे. समुद्रकाठच्या उपाहारगृहाची पहिली आणि शेवटची कसोटी ते काय वाढते ही नसून, ‘आज नाही’ असे ते केव्हा म्हणू शकते, ही आहे.

याचे कारण इटालियन स्वयंपाकाच्या स्वभावातच आहे. आपल्याकडे इटालियन जेवण म्हटले की दुधाची साय, चीजचे थर आणि टोमॅटोचा लाल गिलावा एवढेच डोळ्यांपुढे येते. इटलीच्या किनाऱ्यावरचा मासळीचा स्वयंपाक याच्या अगदी उलट आहे. नेपल्सकडची तिसऱ्यांची स्पागेत्ती घ्या: ऑलिव्हचे तेल, लसूण, तिसऱ्यांनी स्वतः सोडलेले खारे पाणी, थोडी अजमोद्याची पाने, वाटल्यास चिमूटभर लाल मिरची. पुष्कळ घरांत टोमॅटोसुद्धा वर्ज्य. लिव्होर्नो बंदराचा ‘काच्चुक्को’ हा रस्सा अनेक जातींच्या स्वस्त, काटेरी माशांचा असतो. जे विकले जात नाही ते कोळ्याच्या घरी शिजते, हा त्याचा वंशवृक्ष. जिथे घटक चार, तिथे एक घटक खोटा निघाला तर झाकावयास जागा उरत नाही. जिन्नस जितके कमी, तितके इमान अधिक लागते. गद्याचेही असेच असते. अलंकार काढून घेतले की विचार खरा की उसना ते लगेच उघडे पडते.

दुसरी गोष्ट अधिक गमतीची. इटलीत मासळीच्या स्पागेत्तीवर चीज किसून मागणाऱ्या गिऱ्हाईकाकडे आचारी दुःखाने पाहतो, कारण तेथील रूढीला मासा आणि चीज यांची गाठ मान्य नाही. आपल्याकडे चरकाने विरुद्ध आहारात मासा व दूध यांचा संयोग मोडला आहे, आणि आमच्या घरातही मासळीच्या दिवशी ताकाचा पेला मागणाऱ्याला आजी दटावीत असे. दोन्ही देशांनी हे कोठून शिकले असेल ते असो. परंतु ज्यांची आंबट चव लिंबातून, द्राक्षांच्या सिरक्यातून, आमसुलांतून किंवा माडाच्या सुरेतून येते, त्यांना माशावर दुग्धजन्य स्निग्धता थापण्याची गरज पडत नाही, एवढे खरे.

त्या संध्याकाळी तिसऱ्यांऐवजी मी जे खाल्ले, त्यात हीच ओळख पुन्हा पटली. व्हेनिसच्या खलाशांचा एक जुना पदार्थ आहे. तारल्या तळून घेतात, मऊ परतलेल्या कांद्याच्या थरांत त्या निजवतात, वर सिरका ओततात, बेदाणे आणि चिलगोज्याच्या जातीचे दाणे पेरतात आणि एक-दोन दिवस मुरू देतात. मासा टिकावा म्हणून निघालेली ही युक्ती पुढे चव म्हणून मानाला चढली. आमच्या तारवट्याने सिरका माडाच्या सुरेचा घातला होता आणि दाण्यांच्या जागी काजूचे तुकडे. काटेकोर व्हेनिसकर कदाचित नाक मुरडील. मला मात्र ही अदलाबदल मूळ पदार्थाशी अधिक प्रामाणिक वाटली. व्हेनिसच्या खलाशानेही जवळ होते तेच वापरले होते. मुद्दाम दूरचे आणले नव्हते. अनुकरण दोन प्रकारचे असते. एक वस्तूचे, दुसरे वृत्तीचे. वस्तूचे अनुकरण करणारा इटलीहून बरण्या मागवतो. वृत्तीचे अनुकरण करणारा आपल्या खाडीकडे पाहतो.

गोव्याला इटलीची ओळख या तारवट्यांनी पहिल्यांदा करून दिली, असेही नव्हे. फिलिप्पो सास्सेत्ती हा फ्लॉरेन्सचा व्यापारी सोळाव्या शतकाच्या नवव्या दशकात या किनाऱ्यावर राहिला आणि १५८८ साली गोव्यातच वारला. मिऱ्यांच्या व्यवहारासाठी आलेल्या या माणसाने घरी पाठवलेल्या पत्रांत संस्कृत आणि आपली भाषा यांतील कित्येक शब्दांचे साम्य टिपले: देव आणि ‘दियो’, सर्प आणि ‘सेर्पे’, सप्त आणि ‘सेत्ते’, अष्ट आणि ‘ओत्तो’, नव आणि ‘नोव्हे’. तौलनिक भाषाशास्त्र जन्मास येण्यापूर्वी दोनशे वर्षे एका बाजारकरी माणसाला हे सुचले. जुन्या गोव्यात सेंट फ्रान्सिस झेव्हियरच्या अवशेषांखाली जो संगमरवरी चौथरा आहे, तोही फ्लॉरेन्सच्या फोज्जिनी या शिल्पकाराचा. तस्कनीच्या ग्रँड ड्यूकने दिलेली ही भेट १६९८ साली येथे बसवली गेली. तेव्हा गोव्यात इटालियन पाटी दिसली की ती उपरी, असा शेरा मारण्याचे कारण नाही. उपरेपण ठरते ते पाटीवरून नव्हे, पाटीमागच्या चुलीवरून.

आता दुसरी बाजू मांडणे अवश्य आहे. काही वर्षांपूर्वी याच पश्चिम किनाऱ्यावर, एका मोठ्या नगरात, मी अशाच दुसऱ्या एका इटालियन म्हणवणाऱ्या उपाहारगृहात गेलो होतो. तेथे समुद्र खिडकीतून दिसत होता, भिंतीवर मासेमारीची जाळी टांगलेली होती, आणि खाद्यपत्रिका एखाद्या खरेदीखताइतकी जाड होती. ‘आजची मासळी’ या शीर्षकाखाली जे मागवले ते पांढरे, मऊ, निर्गंध आणि निर्गुण होते. वाढप्याला पुष्कळ छेडल्यावर कळले की तो बासा होता. बासा या नावाने आपल्या बाजारात विकला जाणारा मासा गोड्या पाण्याचा. तो तळ्यांत पाळतात आणि त्याचे गोठवलेले तुकडे पेट्यांतून जगभर जातात. मासा म्हणून तो वाईट नाही. गरिबाच्या ताटात प्रथिने नेणाऱ्या माशाला मी नावे ठेवणार नाही. पण लोधीखेड्याचा मनुष्य समुद्राचा मासा खावयास एवढ्या दूर यावा आणि त्याच्यापुढे गोड्या पाण्याचा मासा समुद्र म्हणून ठेवला जावा, या योगायोगाला विनोद म्हणावे की फसवणूक, हे मला आजही ठरवता आलेले नाही.

कायद्याने याचे उत्तर काय दिले आहे, ते पाहण्यासारखे आहे. इटलीच्या १९३० च्या दंडसंहितेत ५१५ वे कलम व्यापारातील लबाडीचे आहे. सांगितली एक आणि दिली दुसरी, तर तो गुन्हा. तेथील सर्वोच्च न्यायपीठाने या कलमाचा अर्थ उपाहारगृहांपर्यंत नेला. पदार्थ गोठवलेल्या मालाचा असून खाद्यपत्रिकेत तसे सांगितले नसेल, तर कोणी गिऱ्हाईकाने तो मागवला नसला तरी गुन्ह्याचा प्रयत्न घडतो, असे त्या न्यायालयाने अनेकदा म्हटले आहे. म्हणून इटलीतील खाद्यपत्रिकांवर काही नावांपुढे एक बारीकशी चांदणी असते आणि पानाच्या तळाशी तिचा खुलासा: हा माल गोठवलेला असू शकतो. त्या चांदणीने कोणाचे पोट दुखत नाही, कोणाचा धंदा बुडत नाही. तिने फक्त वाक्य खरे होते.

योगायोग असा की आपला मालविक्री अधिनियमही १९३० चाच. त्याचे १५ वे कलम सांगते की वर्णनावरून माल विकला तर माल त्या वर्णनाशी जुळला पाहिजे. पण ताट हा ‘माल’ आहे काय? हा प्रश्न आपल्या सर्वोच्च न्यायालयापुढे करआकारणीच्या निमित्ताने आला होता. १९७८ साली नॉर्दर्न इंडिया केटरर्सच्या प्रकरणात न्यायालयाने म्हटले की उपाहारगृहात जेवण विकले जात नाही, वाढले जाते. मनुष्याची एक शारीरिक गरज भागवण्याची ती सेवा आहे, आणि तिचे मूळ जुन्या धर्मशाळा-सराईंच्या आतिथ्यात आहे. १९८२ च्या ४६ व्या घटनादुरुस्तीने करापुरती ही सेवा विक्री मानावी असे ठरले आणि वाद मिटला. वकील म्हणून मला दुरुस्ती मान्य आहे. जेवणारा म्हणून मात्र १९७८ चा निकाल अधिक प्रिय आहे. जेवण जर विक्री असेल तर खोटे वर्णन हा करारभंग होतो; आणि जेवण जर आतिथ्य असेल तर खोटे वर्णन त्याहून वाईट काहीतरी होते. पाहुण्याशी कोणी करारभंग करीत नाही. त्याचा विश्वासघात होतो.

पाळोळ्याच्या त्या आठ मेजांपाशी जो निवांतपणा जाणवतो त्याचे रहस्य मला येथे सापडले. ‘सुशेगाद’ हा कोंकणी शब्द पर्यटनाच्या जाहिरातींनी इतका झिजवला आहे की तो उच्चारताना खुद्द गोंयकारच कसनुसा होतो. निवांतपणा म्हणजे वेताची खुर्ची, मंद गाणी आणि उशिरा येणारे बिल, अशी समजूत पसरली आहे. वास्तविक निवांत तोच असतो ज्याला काही लपवावयाचे नसते. शंभर पदार्थांची यादी ज्याने छापली, त्याला शंभर आश्वासने रोज पाळावयाची असतात; त्याचा शीतकपाट रात्रंदिवस घरघरत राहतो आणि त्याच्या वाढप्याचे डोळे गिऱ्हाईकाचे डोळे चुकवतात. ज्याने सहाच पदार्थ खडूने लिहिले आणि त्यांतील एकावर रेघ मारली, तो सुखाने गिऱ्हाईकाशेजारी बसून ओहोटीच्या गोष्टी सांगू शकतो.

येथे कोणी म्हणेल, हा एका चवीखाऊ वकिलाचा हट्ट आहे. मासा आजचा की गेल्या महिन्याचा, याने किनाऱ्याचे काय बिघडते? पुष्कळच बिघडते. २०१८ च्या जुलै महिन्यात गोव्यात बाहेरून येणाऱ्या मासळीत फॉर्मेलिन असल्याची शंका उठली. लोकांनी मासळीकडे पाठ फिरवली, आणि परराज्यांतून येणारी मासळी सरकारने काही दिवस बंद केली. त्या निमित्ताने सर्वांना पुन्हा आठवले की ‘शीत-कडी’ हा ज्यांचा श्वास, त्या गोव्याच्या ताटातला मासाही पुष्कळदा परप्रांतातून ट्रकने येतो. याची मुळे जुनी आहेत. सत्तरच्या दशकात यांत्रिक ट्रॉलरांनी काठाजवळचे पाणी खरवडून काढण्यास आरंभ केला तेव्हा रांपणकारांनी लढा उभारला. त्यातूनच १९८० चा सागरी मासेमारी नियमनाचा कायदा आला आणि किनाऱ्यालगतचा पट्टा पारंपरिक मच्छीमारांसाठी राखला गेला. २०१७ साली केंद्र सरकारने विजेच्या झगमगीत दिव्यांनी मासे ओढण्यास आणि दोन बोटींनी जोडजाळे ओढण्यास मनाई केली. पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै अशी ६१ दिवसांची मासेमारीबंदी असते ती वेगळीच. कायदे आहेत, पण कायद्याला बाजारात सोबती लागतो. बंदीच्या काळातही इसवण आणि सुंगटां मागणारे गिऱ्हाईक आणि ती निमूट पुरवणारे उपाहारगृह असेल, तर कायदा एकटा पडतो. ‘आज नाही’ हे वाक्य सहन करणारे गिऱ्हाईक हाच मासेमारीबंदीचा खरा अंमलदार आहे.

गोवा सरकारलाही ताटाची चिंता वाटते, नाही असे नाही. किनाऱ्यावरील शॅकांत गोमंतकीय पद्धतीची मासळीची कढी आणि भात मिळालाच पाहिजे, असे बंधन नव्या शॅकधोरणात घातल्याचे २०२४ च्या जानेवारीत पर्यटनमंत्र्यांनी जाहीर केले. हेतू चांगला आहे. पण पदार्थ सक्तीने यादीवर आणता येतो. त्यातला मासा कोठला आणि केव्हाचा, हे सक्तीने सांगावयास लावणे अधिक कठीण आणि अधिक मोलाचे आहे. गोठवलेल्या माशाची गोमंतकीय कढी आणि खाडीतल्या तिसऱ्यांची इटालियन स्पागेत्ती समोरासमोर ठेवली, तर त्या दोहोंतील गोव्याची कोणती, हा प्रश्न मी वाचकांवर सोपवतो.

या द्विभाषिक मासिकाच्या वाचकांना आणखी एक गोष्ट सांगावीशी वाटते. माशांची नावे ही मराठी-कोंकणीची सामाईक मिळकत आहे, आणि हिस्सेवाटणीचा दावा न लावता दोन्ही बहिणी ती आजवर भोगत आल्या आहेत. बांगडा आणि बांगडो, तिसऱ्या आणि तिसऱ्यो, सुरमई आणि इसवण, कोळंबी आणि सुंगटां, माकूल आणि माणकी. या नावांत कोणता मासा कोणत्या पाण्यात, कोणत्या ऋतूत, कोणत्या आंबटाबरोबर, याचे शेकडो वर्षांचे ज्ञान आहे. खाद्यपत्रिकांनी ही मिळकत हळूहळू लिलावात काढली आहे. इसवण ‘किंगफिश’ झाली, मुड्डशी ‘लेडीफिश’ झाली, आणि रावसाला तर ‘इंडियन सॅमन’ असे नाव मिळाले, ज्याचा सॅमनशी कोणताही रक्तसंबंध नाही. मासा बदलावयाचा असेल तर प्रथम त्याचे नाव पुसावे लागते. माणकीला माणकी म्हणून ओळखणारा मनुष्य तिच्याऐवजी दुसरे काही निमूटपणे खाणार नाही. ‘कालामारी’ मागणाऱ्यापुढे मात्र काहीही ठेवता येते.

याच मुद्द्यावर पाळोळ्याच्या त्या दुकानाला मी दोष देतो. त्याची पाटी रोमन लिपीत आहे आणि तिच्यावर देवनागरीचे एक अक्षर नाही. मालक तोंडाने ‘तिसऱ्यो’ म्हणतो आणि खडूने ‘व्होंगोले’ लिहितो; म्हणजे मातृभाषा त्याने नकारापुरती राखून ठेवली आहे! मी हे त्याला बोलून दाखवले तेव्हा तो हसला आणि म्हणाला की पाटी वाचणारे परदेशी असतात. हे उत्तर मला पटले नाही. व्हेनिसमधील आचारी परदेशी पाहुण्यांसाठी आपल्या माशांची नावे पुसून टाकत नाही. पाहुणेच ती नावे शिकून घरी जातात.

दोष आणखीही आहेत. टोमॅटोच्या रश्शात त्याने गोडी जास्त ठेवली होती. बांगड्यासारख्या तेलकट, करारी माशाला त्याने तुळशीच्या जातीच्या पानांचा वाटप लावला होता, तो मुळीच पेलला नाही. त्या माशाला तिरफळ का लागते हे ज्याच्या आईला माहीत असेल, त्याने हा प्रयोग करावयास नको होता. किंमत शेजारच्या खाणावळीतील तीन थाळ्यांइतकी. त्यामुळे ज्या बाईने तिसऱ्या काढल्या ती येथे जेवावयास कधी येणार नाही. ही शेवटची उणीव त्या एकट्या दुकानाची नव्हे, साऱ्या किनाऱ्याची आहे. परंतु न्यायालयाच्या टिपणीत ती नोंदवून ठेवणे अवश्य आहे.

दुसऱ्या संध्याकाळी तिसऱ्या आल्या. पाटीवरची रेघ पुसलेली होती. शेवया ताठ, म्हणजे दाताला किंचित विरोध करणाऱ्या. तेल-लसणाच्या ओल्या चकाकीत उघडलेल्या शिंपा. आणि तळाशी तेच थोडेसे खारे पाणी, जे त्या पदार्थाचे सर्वस्व. शेवया परदेशी पुड्यातल्या होत्या. त्या ज्या कठीण दाण्याच्या गव्हाच्या होतात, त्याच जातीचा कठिया गहू आमच्या मध्य प्रदेशात पिकतो, हे मी मालकाला सांगितले तेव्हा तो प्रथमच चकित झाला. कधी काळी लोधीखेड्याकडचे गव्हाचे पीठ आणि काणकोणच्या तिसऱ्या एका ताटात भेटल्या तर मला नवल वाटणार नाही. तो पदार्थ इटालियनच असेल आणि आपलाही असेल. एका शिंपेत वाळूचा एक कण राहिला होता. तो दाताखाली आला तेव्हा मी तो दोष म्हणून नोंदवला नाही. पुरावा म्हणून नोंदवला.

परत आल्यानंतरच्या आठवडी बाजारात मी नेहमीच्या बाईकडे गेलो आणि थोड्या खट्याळपणाने विचारले, “बोंबील ताजे आहेत काय?” ती हसली. “वाळल्याले ताजं कसं म्हनावं, वकीलसाहेब? इतकंच सांगतो, या पोत्यातले नवे हायेत, त्या पोत्यातले जुने. जुने घ्याल त कमी पैशात देतो.” तिने इटलीची दंडसंहिता वाचलेली नाही आणि तिच्या पोत्यावर चांदणी काढलेली नाही. मी त्या दिवशी जुने बोंबील घेतले, आणि ते जुनेच निघाले.